अचानक आलेलं आयकर रिफंडचं पत्र: खरं की बनावट, कसं ठरवायचं?

ऑगस्ट २०२३ मध्ये एक संदेश मोबाइलवरून खूप फिरला. तुमचा १५,४९० रुपयांचा आयकर रिफंड मंजूर झाला आहे, रक्कम लवकरच खात्यात जमा होईल, खाते क्रमांक अमुक आहे, तो चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर दुरुस्त करा. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने तो बनावट असल्याचं जाहीर केलं. रचणाऱ्याची खरी हुशारी त्या खाते क्रमांकात होती. अर्धवट झाकलेला तो क्रमांक वाचणाऱ्याच्या खात्याशी जुळायचं काही कारणच नव्हतं. पण ‘अरे, आपले पैसे भलत्याच खात्यात जाणार’ असं एकदा मनात आलं की हात आपोआप लिंकवर जातो.

तेव्हापासून भाषा सुधारली आणि बोधचिन्हं सुबक झाली. आता पॅन आणि पूर्ण नाव घातलेली पत्रंही येतात. म्हणून स्पेलिंगच्या चुका शोधत बसण्याची जुनी पद्धत मला तरी भरवशाची वाटत नाही. नुसतं पत्र निरखून ते खरं की खोटं हे ठरत नाही. ते बाजूला ठेवून दोन ठिकाणी बघायचं: स्वतःच्या कागदांत आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर. पत्र पोस्टाने आलं, ईमेलने आलं की एसएमएसने, क्रम हाच.

पायरी पहिली: त्या वर्षाचं रिटर्न भरलं होतं का?

रिफंड आपोआप उगवत नाही. तुम्ही रिटर्न भरता, त्यात जास्तीचा कर परत मागता, बंगळुरूचं सीपीसी म्हणजे केंद्रीय प्रक्रिया केंद्र ते तपासतं आणि मग पैसे निघतात. याला अपवाद मोजके आहेत: कलम १५४ खाली दुरुस्ती झाली, अपिलाचा निकाल तुमच्या बाजूने लागला किंवा विलंब माफ करून जुन्या वर्षाचं रिटर्न स्वीकारलं गेलं. यातलं काही घडलं असेल तर ते तुम्हाला किंवा तुमच्या सीएला माहीत असणारच.

त्यामुळे रिटर्नच भरलं नसेल आणि ‘तुमचा रिफंड मंजूर’ असं पत्र हातात असेल तर ते बनावट समजायला हरकत नाही. एकच गोष्ट आधी तपासा. तुमच्या पॅनवर दुसऱ्या कुणी रिटर्न भरलेलं नाही ना? तो प्रकार पुढे येतोच.

वर्ष बघताना गोंधळू नका. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ मधल्या उत्पन्नासाठी पत्रावर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ असतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी त्याआधीच्या वर्षांच्या रिटर्नना १९६१ च्या कायद्याचीच कलमं लागतात. पत्रात जुनी कलमं दिसली म्हणून ते खोटं ठरत नाही.

पायरी दुसरी: रक्कम जुळते का?

पत्रातली रक्कम तुमच्या हिशेबातून निघायला हवी. एक उदाहरण घेऊ. निवृत्त शिक्षिका, वय ६८. २०२४-२५ मध्ये पेन्शन २,४०,००० आणि बँकेतल्या ठेवींचं व्याज १,२०,०००. ज्येष्ठ नागरिकांसाठी त्या वर्षी व्याजावरच्या टीडीएसची, म्हणजे बँकेने परस्पर कापायच्या कराची, मर्यादा ५०,००० होती (पुढच्या वर्षापासून ती एक लाख झाली). कर कापू नका असं बँकेला सांगणारा १५एच फॉर्म द्यायचा राहिला, म्हणून बँकेने दहा टक्के, म्हणजे १२,००० रुपये कापले. नव्या करप्रणालीत पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उत्पन्न उरतं २,८५,०००. ते तीन लाखांच्या आत, म्हणून कर शून्य आणि १२,००० परत.

त्यावर कलम २४४ए प्रमाणे महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तर ते करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात. सप्टेंबरात रिफंड निघाला तर सहा महिन्यांचे तीन टक्के, म्हणजे ३६० रुपये. एकूण १२,३६०. म्हणजे मागितल्यापेक्षा थोडी जास्त रक्कम आली तर दचकू नका, ते बहुधा व्याज असतं. मात्र ज्या वर्षी ते हाती येतं त्या वर्षी ते ‘इतर उत्पन्नात’ दाखवावं लागतं, हे बरेच जण विसरतात. परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही.

रिफंडची रक्कम कायद्यानेच दहाच्या पटीत पूर्ण करतात. म्हणून १५,४९३ असा सुटा आकडा दिसला तर शंका घ्यावी. उलट मात्र खरं नाही. त्या बनावट संदेशातली १५,४९० ही रक्कमही दहाच्या पटीतलीच होती.

कापलेला कर किती हे फॉर्म २६एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती पत्रक) यांत दिसतं. दोन्ही पोर्टलवरून उतरवता येतात. मुळात कापलाच गेला नाही तेवढा कर परत कसा येईल? टीडीएस आणि भरलेला आगाऊ कर मिळून आठ हजार, आणि पत्रात रिफंड बेचाळीस हजार, एवढ्यावरच निम्म्या पत्रांचा निकाल लागतो.

पायरी तिसरी: पोर्टलवर स्वतःच्या वाटेने जा

पत्रातली लिंक नको, क्यूआर कोड नको, पत्रात छापलेला फोन नंबरही नको. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा: इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. गूगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारणं म्हणजे पुन्हा अनोळखी वाटेने जाणंच.

लिंकमधला पत्ता वाचायची वेळ आलीच तर डावीकडून वाचू नका. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या आधीचे शेवटचे तुकडे बघा. ते ‘गव्ह डॉट इन’ असतील तरच जागा सरकारी. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-स्टेटस डॉट टॉप’ अशा पत्त्यात सरकारी नाव पुढे सजावटीला लावलेलं असतं. खरा मालक शेवटच्या ‘रिफंड-स्टेटस डॉट टॉप’चा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नेमका हा शेवटचा भागच कापला जातो, म्हणून हे काम जमल्यास संगणकावर करावं.

लॉगिन करताना आणखी एक खूण मिळते. पॅन टाकल्यावर, पासवर्डच्या आधी, पोर्टल तुम्हाला ‘सिक्युअर ॲक्सेस मेसेज’ दाखवतं, म्हणजे तुम्ही आधी स्वतः लिहून ठेवलेलं एखादं वाक्य. नकली साइटला ते ठाऊक असण्याची शक्यता फार कमी. अजून ठेवलेलं नसेल तर प्रोफाइलमध्ये जाऊन आजच ठेवा. बहुतेकांना ही सोय माहीतच नसते.

आत गेल्यावर ‘ई-फाइल’, मग ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, मग ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’. तिथे प्रत्येक वर्षाच्या रिटर्नची अवस्था तारखेसकट दिसते: भरलं, पडताळलं, प्रक्रिया झाली, रिफंड निघाला. प्रक्रिया झाली असेल तर कलम १४३(१) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून काय निघालं ते सांगणारं पत्र, तिथूनच उतरवता येते. ‘सर्व्हिसेस’खाली ‘नो युअर रिफंड स्टेटस’ हाही पर्याय आहे. रिफंड इथे कुठेच दिसत नसेल तर तो नाही, पत्र कितीही गुळगुळीत कागदावर छापलेलं असो.

प्रक्रियेला वेळ लागू शकतो, हेही धरून चाला. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत सीपीसी १४३(१) ची सूचना पाठवू शकतं. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नची सूचना डिसेंबर २०२६ पर्यंत येऊ शकते. इतक्या उशिरा आलेलं पत्र अनपेक्षित वाटणारच.

पायरी चौथी: डीआयएन तपासा

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने (सीबीडीटी) ऑगस्ट २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असावाच लागतो. काही ठरावीक अपवाद सोडले तर तो नसलेलं पत्र काढलेलंच नाही असं मानलं जातं. सीपीसीच्या पत्रांवर हा क्रमांक साधारणपणे ‘सीपीसी’ अक्षरांनी सुरू होतो, करनिर्धारण अधिकाऱ्याकडून येणाऱ्या पत्रांवर ‘आयटीबीए’ने.

पोर्टलच्या पहिल्या पानावर झटपट दुव्यांच्या यादीत ‘ऑथेंटिकेट नोटिस/ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी’ असा पर्याय आहे. लॉगिन लागत नाही. डीआयएन आणि मोबाइल नंबर टाका, किंवा पॅन, दस्तऐवजाचा प्रकार, वर्ष, तारीख आणि मोबाइल नंबर. मोबाइलवर ओटीपी येतो, तो याच पानावर भरायचा. क्रमांक खरा असेल तर पत्र कधी निघालं ते दिसतं, नसेल तर नोंद सापडत नाही.

नुसतं ‘नोंद सापडली’ एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच्या खऱ्या पत्रावरचा डीआयएन उचलून बनावट पत्रावर चिकटवणं अवघड नाही. तपासणीत दिसलेली तारीख आणि दस्तऐवजाचा प्रकार हातातल्या पत्राशी ताडून बघा. त्याहून सोपं म्हणजे लॉगिन करून मूळ पत्र उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

आता पत्राकडे बघायला हरकत नाही

खऱ्या १४३(१) च्या सूचनेत अभिनंदन नसतं आणि घाईही नसते. असतो तो रूक्ष तक्ता: एका रकान्यात तुम्ही रिटर्नमध्ये दिलेले आकडे, शेजारी सीपीसीने मोजलेले. शेवटी देय कर किंवा परतावा. ईमेलने आलेली पीडीएफ पासवर्डने बंद असते. पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीत पॅन आणि त्याला जोडून आठ आकडी जन्मतारीख. जोडलेली फाइल एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) किंवा झिप असेल तर ती उघडूच नका.

ईमेलचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ने संपला पाहिजे, प्रेषकाचं नाव काय दिसतं याला अर्थ नाही, नाव कुणीही काहीही लावू शकतो. एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तो खात्याचा नाही. खात्याचे संदेश अक्षरी हेडरवरून, म्हणजे नंबराऐवजी दिसणाऱ्या अक्षरांच्या नावावरून येतात, आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२५ च्या नियमांनुसार सरकारी संदेशाच्या हेडरच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर जोडलेलं असतं.

कागदी पत्र येतच नाही असं नाही. आता बहुतेक सगळं ईमेलवर आणि पोर्टलवर होतं, पण टपालाची वाट कायद्याने बंद केलेली नाही. सीपीसीच्या पत्त्यावर बंगळुरू ५६०५०० हा पिन असतो. तो कुणीही छापू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. मात्र पाकिटात धनादेश निघाला तर सावध व्हा: १ मार्च २०१९ पासून रिफंड थेट बँक खात्यातच जमा होतो, आणि तेही पॅनशी जोडलेल्या, पोर्टलवर आधी प्रमाणित केलेल्या खात्यात. ‘आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असं लिहिलेलं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. रिफंडसाठी आयकर खातं फी घेत नाही. पत्रातून किंवा फोनवर ओटीपी, पिन, कार्डाच्या मागचा सीव्हीव्ही किंवा नेट बँकिंगचा पासवर्डही मागत नाही.

सगळ्यात फसवी जागा: ‘रिफंड अडकला आहे’

माणसं फसतात ती बहुतेक इथे, कारण रिफंड खरोखरच अडकतात. बँकांचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला, खातं बंद केलं, बँकेत ‘सुनीता’ आणि पॅनवर ‘सुनिता’ असं नाव राहिलं, आधार न जोडल्याने पॅन निष्क्रिय झालं, अशी कारणं असतात. मग आयकर खात्याकडूनही ‘रिफंड जमा होऊ शकला नाही’ असा संदेश येतो. ठगाचा संदेशही शब्दशः तसाच असतो.

वरवर दोन्ही सारखेच. फरक एवढाच की खऱ्या संदेशाचं काम लॉगिन करून पोर्टलच्या आतच पूर्ण होतं. ‘माय प्रोफाइल’मध्ये बँक खातं प्रमाणित करा, मग ‘सर्व्हिसेस’मधून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाका आणि आधार ओटीपीने ती पक्की करा. संदेशात लिंक असली तरी तिला हात न लावता हे सगळं होतं. लिंकशिवाय जे होऊच शकत नाही, ते करू नका.

डिसेंबर २०२५ मध्ये याची उलटी बाजू दिसली. रिफंडच्या दाव्यात विसंगती आढळल्याने प्रक्रिया थांबवली आहे, असे संदेश अनेक करदात्यांना आले. ३१ डिसेंबर ही सुधारित रिटर्नची शेवटची तारीख तोंडावर होती, आणि बऱ्याच जणांनी संदेश बनावट समजून सोडून दिले. ते खात्याचेच होते. संशयाने पत्र फेकून देणं हेही महाग पडू शकतं, त्यामुळे फेकण्याआधी पोर्टल बघावंच.

असंच आणखी एक खरं पत्र म्हणजे कलम २४५ चं: जुन्या वर्षाचा कर बाकी आहे, त्यात रिफंड वळता करत आहोत, काही म्हणणं असेल तर २१ दिवसांत सांगा. त्याचं उत्तर ‘पेंडिंग ॲक्शन्स’खाली थकबाकीच्या पानावर द्यायचं. बाकी चुकीची असूनही गप्प बसलात तर पैसे वळते होतात.

पत्र खरं, पण रिफंडच खोटा

याकडे फारसं कुणी बघत नाही. डीआयएन जुळतो, पोर्टलवर रिफंड दिसतो, खात्यात रक्कमही जमा होते, पण ती अपेक्षेच्या तिप्पट. अशा वेळी रिटर्न कुणी भरलं ते आठवा. ‘जास्त रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणणारे एजंट न दिलेल्या देणग्या, न भरलेलं घरभाडं आणि नसलेल्या गृहकर्जाचं व्याज दाखवून रिटर्न भरतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या प्रकरणांत देशभर दीडशे ठिकाणी पडताळणीची कारवाई केली.

पॅन तुमचा, म्हणून जबाबदारी तुमची. एजंट टक्केवारी घेऊन मोकळा होतो. अनोळखी मोठा रिफंड आला तर आधी भरलेलं रिटर्न उतरवून वजावटींची पानं वाचा. खोटं काही दिसलं तर रक्कम खर्च न करता सीएकडे जा. सुधारित किंवा अद्ययावत रिटर्न भरून कर आणि व्याज स्वतःहून चुकतं करणं दंडाच्या कारवाईपेक्षा स्वस्त पडतं. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, हेही तेव्हाच बघा. एजंटाचा असेल तर तुमचा ओटीपी त्याच्याकडे जातो.

दोन खास प्रसंग

वडील गेले आणि वर्षभराने त्यांच्या नावाने रिफंडचं पत्र आलं, तर ते खरं असू शकतं. त्यांच्या लॉगिनने काही करू नका. वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करून ‘कायदेशीर वारस’ म्हणून नोंदणीची विनंती करायची. मृत्यू दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. मंजुरी मिळाली की त्यांच्या वतीने रिटर्न आणि रिफंडचं काम वारसाच्या लॉगिनमधून होतं. श्रद्धांजलीच्या जाहिराती वाचून घरी फोन करणारे ठगही असतात, म्हणून फोनवर ‘वारसाचं खातं सांगा’ म्हणणाऱ्याला काहीही सांगू नका.

दुसरा प्रसंग दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांचा. पुण्या-ठाण्यातला फ्लॅट विकला की अनिवासी म्हणून खरेदीदार बराच मोठा टीडीएस कापतो, अनेकदा नफ्याऐवजी पूर्ण किमतीवर. त्यामुळे लाखांचा रिफंड खरोखर निघू शकतो, आणि पत्र जातं गावी आईवडिलांच्या पत्त्यावर. त्यांनी त्यातल्या नंबरावर फोन न करता पत्राचा फोटो तुम्हाला पाठवावा आणि पडताळणी तुम्हीच करावी, एवढं आधीच ठरवून ठेवा.

लिंक उघडली गेलीच असेल तर

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या अँड्रॉइड मालवेअरबद्दल सावध केलं होतं. २७ हून अधिक बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर होते. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. एसएमएसमधली लिंक आयकर खात्यासारख्या दिसणाऱ्या साइटवर नेते, तिथे ‘पडताळणीसाठी’ एक ॲप उतरवायला लावतात. ॲप एसएमएस, कॉल आणि संपर्क वाचायची परवानगी घेतं, पॅनपासून कार्डाच्या पिनपर्यंत सगळं भरून घेतं, मग रिफंडची रक्कम दाखवून ‘ट्रान्सफर’चं बटण देतं. ते दाबलं की चूक झाल्याचा संदेश येतो आणि पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे’ दिसत राहतं. तेवढ्या वेळात मागे बँकेचं नकली पान तयार होत असतं.

म्हणून ॲप उतरवलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. या फोनवर येणारे ओटीपी ठगाला दिसत असतील हे धरूनच चाला. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते, त्यामुळे इथे मिनिटांना किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान त्याच्या माथी येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. तेव्हा ‘उद्या शाखेत जाऊन सांगू’ असं करू नका.

मग दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून आयकर पोर्टलचा पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमधलं बँक खातं, मोबाइल, ईमेल कुणी बदललेलं नाही ना ते बघा. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. ॲप काढून टाकणं पुरेसं नसतं; महत्त्वाचे फोटो आणि संपर्क काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करावा.

नुसता बनावट मेल आला आणि काही गेलं नसेल, तरी तो वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर पुढे पाठवा. फोन किंवा एसएमएस असेल तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवा. आणि पत्र खरं की खोटं हे इतकं करूनही ठरत नसेल, तर पोर्टलवर दिलेल्या १८०० १०३ ००२५ किंवा १८०० ४१९ ००२५ या मदत क्रमांकांवर विचारा, फोन करताना पॅन आणि रिटर्नचा पोच क्रमांक हाताशी ठेवा.